रुग्णाला उचलणे, सरकवणे, वळवणे : साधने आली, आता प्रशिक्षण कसे असावे?

परिचर्या शिक्षिका

सर्वांना नमस्कार.

मी एका धर्मादाय रुग्णालयाला जोडलेल्या नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. रुग्णालयाने अलीकडे दोन फिरत्या पेशंट लिफ्ट (रुग्णाला उचलणारी चाकांची यंत्रे), त्यांना अडकवायच्या वेगवेगळ्या मापांच्या स्लिंग (रुग्णाला पेलणाऱ्या कापडी झोळ्या), काही स्लाइड शीट (रुग्णाखाली घालायची गुळगुळीत कापडे) आणि ट्रान्सफर बोर्ड (बसल्या बसल्या सरकण्याच्या फळ्या) घेतले आहेत. ही साधने वापरायला सगळ्या वॉर्डांतील परिचारिकांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्या निमित्ताने माझे म्हणणे मांडते. जाणकारांनी त्यात भर घालावी आणि जिथे पटत नसेल तिथे स्पष्ट सांगावे, ही विनंती.

आपल्याकडे पहिल्याच वर्षी बॉडी मेकॅनिक्स शिकवले जाते. पायांत अंतर ठेवा, कमरेतून वाकू नका, गुडघ्यांत वाका, वजन अंगाजवळ धरा, उचलताना पाठीला पीळ देऊ नका. यातले काहीही खोटे नाही, पण खोके उचलताना हे नियम जसे पाळता येतात तसे माणूस उचलताना येत नाहीत. रुग्णाला धरायला कड्या नसतात. त्याचे वजन अंगभर सारखे विभागलेले नसते. घाबरला की तो एकदम आपल्या गळ्याला मिठी मारतो, आणि मध्ये पलंग असल्यामुळे त्याला अंगाजवळ धरणे मुळातच शक्य नसते. उत्तम गुण मिळवून बाहेर पडलेल्या मुली दोन-तीन वर्षांत कमरेला पट्टा बांधून ड्यूटी करताना दिसतात, तेव्हा दोष त्यांच्या पद्धतीत शोधण्याची आपली सवय आहे. ती सोडली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेतील नायॉश ही व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संशोधन करणारी सरकारी संस्था. तिच्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती आदर्श असली तरी हाताने उचलण्याच्या वजनाची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. याच संस्थेतील थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये हे सूत्र रुग्ण हलवण्याच्या कामाला लावून पाहिले, तेव्हा ती मर्यादा ३५ पौंडांवर, म्हणजे साधारण १६ किलोंवर आली. तीसुद्धा रुग्ण सहकार्य करणारा असेल आणि अचानक हालचाल करणार नसेल तरच. आता माणसाच्या एका पायाचे वजन त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १६ टक्के भरते. सत्तर किलोंच्या रुग्णाचा एक पाय अकरा किलोंचा, तर एकशे दहा किलोंच्या रुग्णाचा साडेसतरा किलोंचा. म्हणजे अशा रुग्णाच्या पायाचे ड्रेसिंग होईपर्यंत जी विद्यार्थिनी तो पाय वर धरून उभी असते, तिने एका पायातच मर्यादा ओलांडलेली असते. संपूर्ण रुग्ण उचलण्याची गोष्ट तर पुढेच राहिली.

प्रशिक्षणाविषयीचे संशोधन वाचताना मात्र मन खट्टू होते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील २००८ चा आढावा आणि आरोग्यविषयक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०११ चा आढावा या दोन्हींचा निष्कर्ष असा की, उचलण्याच्या पद्धतीचा सल्ला आणि प्रशिक्षण दिल्याने, सोबत साधने दिली किंवा न दिली तरी, पाठदुखी टळते असा पुरावा मिळत नाही. म्हणून प्रशिक्षण सोडून द्यावे असे मी म्हणणार नाही. परंतु सभागृहात दोन तास स्लाइड दाखवून, हजेरीपटावर सह्या घेऊन आणि प्रमाणपत्रे वाटून काही साधणार नाही, हे या निष्कर्षांकडे पाहून मान्य करावेच लागते.

माझा विचार असा आहे की प्रशिक्षण वॉर्डातच, तिथल्याच पलंगांवर, चार-पाच जणींच्या गटात व्हावे आणि प्रत्येकीने आधी स्वतः रुग्ण व्हावे. स्लिंगमध्ये अधांतरी असताना पाय घसरल्यासारखे वाटतात, मांड्या आवळल्या जातात, छत सरकताना दिसते आणि पोटात गोळा येतो. हे एकदा अनुभवलेली परिचारिका पुढे रुग्णाला न सांगता लिफ्टचे बटण कधी दाबणार नाही. तुमच्याकडे असे प्रशिक्षण झाले असेल तर ते कसे झाले आणि सहा महिन्यांनंतर साधने वापरात राहिली का, हे कृपया लिहावे.

निवृत्त अधिसेविका

ताई, तुमची मांडणी आवडली, परंतु माणसांचा एक मोठा गट तुमच्या लिखाणात आलाच नाही. आपल्या रुग्णालयांत रुग्णाला प्रत्यक्ष हात लावून हलवतो कोण? पलंगाच्या एका बाजूला सिस्टर असते, तर दुसऱ्या बाजूला मावशी, मामा किंवा रुग्णाचा मुलगा. रात्रपाळीला तर एका परिचारिकेकडे पूर्ण वॉर्ड असतो आणि एकुलता एक कक्षसेवक क्ष-किरण विभागात गेलेला असतो. अशा वेळी नातेवाइकांना हाक मारली जाते आणि रुग्णाच्या काखेत हात घालून त्याला वर ओढले जाते. तुम्ही केवळ परिचारिकांना शिकवले, तर स्लाइड शीटचे एक टोक शिकलेल्या हातात आणि दुसरे न शिकलेल्या हातात राहील, आणि इजा दोघांनाही होईल. मावशी आणि मामा यांना त्याच गटात, त्याच दिवशी, बरोबरीने बसवा. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग नको, कारण काम ते एकत्रच करणार आहेत.

साधने वापरात का राहत नाहीत, याबद्दलही अनुभवाने सांगते. लिफ्ट भांडारात कुलूपबंद असते आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते पाच वाजता घरी जातात. बॅटरी चार्ज केलेली नसते. स्लिंग धुलाईला जाते आणि तिकडून परत येतच नाही. स्लिंग शोधत फिरण्यापेक्षा दोघांनी उचललेले बरे, असा विचार ज्या रात्री पहिल्यांदा होतो त्या रात्रीपासून ते यंत्र अडगळीत गेले म्हणून समजा. यासाठी लिफ्टची जागा वॉर्डातच आणि प्लगजवळ ठरवून द्या, आणि पाळी सोपवताना इंजेक्शनच्या साठ्याबरोबर लिफ्ट, बॅटरी आणि स्लिंग यांचीही नोंद द्यायची पद्धत पाडा.

हाताने काम करणाऱ्या परिचारिकांचे मोल मात्र कमी लेखू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयात, हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांना तिथल्या परिचारिकांनी चार दशकांहून अधिक काळ सांभाळले, आणि २०११ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने त्या सेवेचा गौरव केला. अशी सेवा करणाऱ्या हातांना साधने देणे हे आपले कर्तव्य आहे, असे मी मानते.

लीड्सवासी

मी पुण्यात शिकलेली अधिपरिचारिका आहे आणि सध्या इंग्लंडमध्ये काम करते. येथे हा विषय कायद्यात आहे. हाताने भार हलवण्यासंबंधीचे १९९२ चे नियम १ जानेवारी १९९३ पासून लागू झाले. त्यांत मालकाने काय करायचे याचा क्रम दिलेला आहे. इजेचा धोका असलेले काम शक्य तोवर टाळायचे, टाळता येत नसेल तर त्याची तपासणी करायची आणि मग तो धोका कमी करायचा. प्रशिक्षणाचा विचार या चौकटीत होतो. 'नीट उचला' असे सांगण्याआधी 'उचलणे टाळता येईल का' हा प्रश्न विचारला जातो. शिवाय उचलण्याच्या उपकरणांविषयी १९९८ चे वेगळे नियम आहेत. त्यांनुसार माणसे उचलणाऱ्या प्रत्येक यंत्राची आणि त्याला जोडल्या जाणाऱ्या स्लिंगची सामान्यतः दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करावी लागते.

काखेत हात घालून रुग्णाला वर ओढणे येथे निषिद्ध मानले जाते. त्याने रुग्णाचा खांदा दुखावतो, पाठीखालची त्वचा घासली जाते आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. आपल्याकडे तीच रोजची पद्धत होती. तिची सवय मोडायला मला वेळ लागला, कारण रुग्ण खाली सरकलेला दिसला की हात आपोआप तिकडे जातात.

लिफ्ट शिकवताना एका गोष्टीवर अवश्य जोर द्या. उचलताना पलंगाचे आणि व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे असतात, पण लिफ्टची चाके सहसा मोकळी ठेवायची असतात. वजन चढू लागले की लिफ्ट थोडी सरकून रुग्णाच्या गुरुत्वमध्याखाली स्वतःला जुळवून घेते. ब्रेक लावून ठेवले तर रुग्ण झोक्यासारखा हलतो आणि यंत्र कलंडण्याचा धोका वाढतो. आपली बुद्धी सांगते की सुरक्षितता हवी तर ब्रेक लावा, त्यामुळे नवीन व्यक्ती हमखास येथे अडखळते. अर्थात यंत्राच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर पुस्तिकेचेच ऐका.

अस्थिसंधी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धागाकर्तीने दिलेल्या आढाव्यांच्या जोडीला एक वेगळा अनुभव नोंदवतो. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी रुग्णालयांत ऑड्री नेल्सन आणि सहकाऱ्यांनी एक कार्यक्रम राबवला आणि २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. जिथे इजा अधिक होत होत्या असे २३ कक्ष त्यांनी निवडले. तिथे प्रशिक्षण एकटे नव्हते. प्रत्येक कक्षाची पाहणी करून साधने निवडली होती, कोणत्या रुग्णाला कोणते साधन याचे ठरलेले तक्ते होते, शक्य तिथे हाताने उचलायचे नाही हे धोरण होते, इजा झाली किंवा थोडक्यात टळली की त्यावर तिथल्या तिथे चर्चा होत असे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक कक्षातील एक सहकारी या कामाची जाणकार म्हणून नेमलेली होती. इजांचे प्रमाण घटले. हा आधी आणि नंतर यांची तुलना करणारा अभ्यास होता, त्यामुळे त्यावरून अंतिम निवाडा करू नये, तरी दिशा त्यातून मिळते. बाहेरचा प्रशिक्षक वर्षातून एकदा येऊन जातो, पण मध्यरात्री अडचण आली तर विचारायला शेजारच्या पलंगापाशी कोणी असावे लागते.

दुसरा मुद्दा रुग्णाच्या बाजूने मांडतो. यंत्र आले की सगळ्यांनाच यंत्राने उचलण्याचा मोह होतो. ज्याला आधाराने उभे राहता येते त्याला स्लिंगमध्ये घातले तर त्याचे पाय आणखी दुबळे होतात. म्हणून आधी क्षमता पाहायला शिकवा. पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसून तो समोरच्याशी हात मिळवू शकतो का? बसल्या बसल्या गुडघा सरळ करून पाऊल वरखाली हलवू शकतो का? आधाराने उभा राहू शकतो का? उभ्या उभ्या जागच्या जागी पावले उचलू शकतो का? ज्या पायरीवर तो थांबेल त्यावरून साधन ठरते. बसताच येत नसेल तर पूर्ण स्लिंगची लिफ्ट, बसता येते पण पायांवर भार पेलत नाही तर लिफ्ट किंवा बसल्या बसल्या सरकण्याचा बोर्ड, उभे राहता येते पण दम टिकत नाही तर उभे राहायला मदत करणारे यंत्र किंवा कमरेचा ट्रान्सफर बेल्ट. ही पाहणी दर पाळीला पुन्हा करायला हवी, कारण सकाळी चालणारा रुग्ण रात्री झोपेच्या औषधानंतर बसूही शकत नाही.

अर्धांगाच्या रुग्णाचा लुळा हात धरून कधीही ओढू नये. मणक्याला इजा असल्याचा संशय असेल तर या साधनांचे नेहमीचे नियम लागू होत नाहीत. तिथे डोके आणि मान धरणारी व्यक्ती आज्ञा देते आणि किमान चार जण मिळून रुग्णाला ओंडक्यासारखा एकसंध वळवतात.

आयसीयू ब्रदर

स्लाइड शीटबद्दल लिहितो, कारण चर्चा लिफ्टभोवतीच फिरते आहे आणि मोठा लाभ मात्र या स्वस्त कापडातून होतो. २०२० मध्ये कोविडच्या रुग्णांना पालथे झोपवताना आम्हाला हे कळले. नळ्या लावलेला, बेशुद्ध रुग्ण पालथा करायला पाच-सहा जण लागत, सगळे पीपीई घातलेले, घामाने निथळणारे. नुसत्या चादरीने ओढताना दमछाक होई. खाली स्लाइड शीट घातल्यावर तेच काम पुष्कळ हलके झाले.

यामागचे कारण साधे आहे. या नायलॉनच्या गुळगुळीत कापडाचे दोन थर एकमेकांवर सरकतात, त्यामुळे रुग्णाची त्वचा गादीवर घासत नाही. एरवी आपण रुग्णाला वर ओढतो तेव्हा त्वचा चादरीला धरून राहते आणि आतले हाड पुढे जाते. माकडहाडापाशी मधल्या पेशी पिळवटतात आणि बेडसोअरची सुरुवात तिथून होते. म्हणजे परिचारिकेची पाठ आणि रुग्णाची त्वचा ही दोन्ही एकाच साधनाने सांभाळली जातात.

शिकवताना तीन गोष्टी घोटून घ्या. आधी पलंग कमरेच्या उंचीवर आणा. जिथे पलंग वरखाली होत नाही तिथे कमी उंचीची परिचारिका आणि उंच ब्रदर अशी जोडी लावू नका. हात गादीच्या पातळीला ठेवून सरकवा आणि दंडाने ओढण्याऐवजी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर न्या. काम झाले की शीट तत्काळ काढा. ती खाली राहिली तर रुग्ण पलंगावरून घसरून पडू शकतो. आज्ञा एकानेच द्यावी आणि 'तीन' म्हटल्यावर सरकवायचे की 'तीन'नंतर, हे आधी ठरवावे. निम्मे गोंधळ या एका गोष्टीने होतात.

परिचर्या शिक्षिका

आपण सर्वांनी फार मोलाची माहिती दिली. मावशी आणि मामा यांना एकत्र घेण्याचा मुद्दा मी आराखड्यात सर्वांत वर घेत आहे, आणि प्रत्येक वॉर्डातून एक जाणकार निवडण्याचाही. मात्र ही निवड केवळ ज्येष्ठतेवरून होऊ नये असे वाटते. वॉर्डात जिला सगळे सहज विचारतात, तीच हवी.

व्यवस्थापनाकडून प्रश्न येणार आहे की हे कायद्याने बंधनकारक आहे का. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३४ नुसार, इजा होण्याचा संभव असेल इतके जड वजन कारखान्यात कोणालाही उचलायला लावता येत नसे, पण रुग्णालयाचा वॉर्ड हा कारखाना नव्हे. त्या अधिनियमाची जागा २०२५ मध्ये घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेचा आवाका त्याहून मोठा आहे आणि इजा किंवा व्यवसायजन्य आजार घडवणाऱ्या धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे हे तिने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. मात्र लीड्सच्या ताईंनी इंग्लंडमधले जसे सांगितले तसे तपशीलवार नियम रुग्ण हलवण्याविषयी त्यात मला दिसत नाहीत. म्हणून मी व्यवस्थापनाला खर्चाच्या भाषेत सांगणार आहे. कमरेच्या दुखण्याने दीर्घ रजेवर गेलेली अतिदक्षता विभागातील अनुभवी परिचारिका बदलून मिळत नाही, आणि तिची पाळी ज्या दोघींवर येते त्यांच्या कमरेचाही क्रमांक लागतो.

आईची लेक

मी परिचारिका नाही. माझ्या आईला पक्षाघात झाल्यावर रुग्णालयातून घरी सोडताना नळीने अन्न कसे द्यायचे ते दाखवले, औषधांचा तक्ता दिला, पण तिला पलंगावरून खुर्चीत कसे न्यायचे हे कोणीही दाखवले नाही. आम्ही भाड्याने लिफ्ट आणली आणि ती घरात आल्यावर कळले की आमच्या दिवाणाखाली तिचे पाय जातच नाहीत. दिवाण सामान ठेवायचा, खालून बंद. लिफ्टचे दोन्ही पाय पलंगाखाली सरकावे लागतात ही साधी गोष्ट आधी सांगितली असती तर पलंग बदलून घेतला असता. मधल्या काळात आईला उचलता उचलता माझ्या भावाची कंबर धरली आणि घरात दोन माणसे अंथरुणाला खिळली.

आपल्या प्रशिक्षणात परिचारिकांना हेही शिकवता येईल का? घरी पाठवण्याआधी नातेवाइकांना पलंगाखालची जागा, दारांची रुंदी, न्हाणीघराचा उंबरा हे मोजून आणायला सांगावे आणि निदान दोनदा त्यांच्या हातून रुग्ण हलवून घ्यावा. माझी ही कळकळीची विनंती आहे.

निवृत्त अधिसेविका

ताई, तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे. डिस्चार्जच्या दिवशी गर्दीत हे होत नाही. बिलाची रांग, गाडी, कागदपत्रे यांतच दिवस जातो. रुग्ण घरी जाणार हे दिसू लागले त्या दिवसापासून रोजच्या स्पंजिंगच्या वेळी नातेवाइकांना हात लावू द्यावा, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागत नाही.

उपकरण अभियंता

माझे काम रुग्णालयातील उपकरणांची देखभाल. खरेदी झालेली आहे, तरी पुढच्या वेळेसाठी आणि आता लगेच करण्यासाठी काही सांगतो.

लिफ्ट आणि स्लिंग या दोन्हींवर कमाल सुरक्षित वजन छापलेले असते. दोन्हींपैकी जे कमी तेच आपले वजन धरायचे. स्लिंग शक्यतो त्याच कंपनीची वापरावी. लूपची स्लिंग क्लिपच्या दांड्याला किंवा उलट जोडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, हे प्रशिक्षणात प्रत्यक्ष दोन्ही हातात देऊन दाखवावे. लूप वेगवेगळ्या रंगांचे असतात. डावीकडे जो रंग अडकवला तोच उजवीकडे अडकवायचा. खांद्याकडचे लूप आखूड आणि पायांकडचे लांब घेतले की रुग्ण बसता राहतो, उलट केले की तो आडवा होतो. रुग्ण गादीपासून थोडा वर येताच थांबायचे, सर्व लूप पुन्हा पाहायचे आणि मगच पलंगावरून बाहेर काढायचे. आपत्कालीन लाल बटण दाबल्यावर यंत्र थांबते, आणि वीज किंवा बॅटरी गेली तर रुग्णाला हाताने खाली उतरवण्याची सोय वेगळी असते. ही सोय कुठे आहे हे प्रत्येकीने स्वतः रिकाम्या यंत्रावर वापरून पाहावे, कारण रुग्ण अधांतरी असताना पुस्तिका उघडायला कोणाला सवड नसते.

स्लिंगची धुलाई ही आपल्याकडची दुखरी जागा. ब्लीचने तिचे धागे कुजतात आणि वरून ते दिसत नाही. लेबलवर दिलेल्या तापमानालाच धुवावी. लेबल पुसले गेले असेल, शिलाई उसवली असेल किंवा लूप विसविशीत झाला असेल तर ती स्लिंग कापून टाकावी, नुसती बाजूला ठेवू नये. बाजूला ठेवलेली स्लिंग निकडीच्या वेळी पुन्हा वापरात येते. एका रुग्णाला एकच स्लिंग, ही शिस्त संसर्गासाठीही हवी. त्यामुळे एका लिफ्टमागे धुलाईत असलेल्या धरून किती स्लिंग लागतील याचा हिशेब खरेदीआधीच मांडावा.

परिचर्या शिक्षिका

धन्यवाद. खरेदीच्या यादीत प्रत्येक लिफ्टमागे दोनच स्लिंग आहेत, असे आत्ताच पाहिले. उद्या भांडार विभागाला मागणीपत्र देते आणि सुरुवात अस्थिरोग आणि मेंदूविकार या दोन वॉर्डांपासून करते, कारण सर्वांत अधिक उचलाउचल तिथेच आहे. पहिल्या गटात प्रत्येक पाळीतून एक अधिपरिचारिका, एक विद्यार्थिनी, मावशी आणि मामा असतील. बाकी वॉर्डांचे वेळापत्रक या दोन वॉर्डांत लिफ्ट रात्रीही वापरली जाते असे नोंदवहीत दिसल्यावरच लावेन.